माणसं वाढवली की काम लांबतं
छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातल्या सूतगिरणी चौकाच्या नावातच गिरणी आहे. गिरणीत चात्या वाढवल्या की सूत वाढतं. सॉफ्टवेअरचं तसं नाही. रखडलेल्या कामावर ऐनवेळी माणसं वाढवली तर ते आणखी रखडतं, असं संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात मांडलं. आयबीएमच्या ओएस/360 या प्रचंड सॉफ्टवेअर प्रकल्पाचा अनुभव त्यामागे होता. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचाच वेळ जातो, शिवाय एकमेकांशी बोलणं वाढतं: 5 जणांत 10 जोड्या, 10 जणांत थेट 45! म्हणून टीम लहानच बरी. तारीख चुकणार असं दिसलं, तर आधी कामाचा पसारा कमी करा आणि ग्राहकाला त्याच दिवशी सांगा.