पाण्याच्या वाटेने आखलेले नगर

इटलीतील फेरारा शहराचा सरळ, रुंद रस्त्यांचा नवा विस्तार १४९२ मध्ये आखावयास घेतला गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४९४ मध्ये, बहमनी सत्तेपासून वेगळ्या झालेल्या मलिक अहमद निजामशहाने सीना नदीच्या काठी भिंगारजवळ आपल्या नावाची राजधानी वसविली, तेच आजचे अहिल्यानगर. या दोन्ही घटनांत थेट देवाणघेवाण झाल्याचे म्हणता येत नाही. तरीही मोकळ्या भूमीवर सबंध शहराची कल्पना करावी आणि त्याच्या इमारतींत प्रमाण व समतोल यांचे नियम उमटावेत, ही युरोपीय प्रबोधनकाळाची म्हणून ओळखली जाणारी आकांक्षा नगरमध्येही तितकीच ठळकपणे दिसते. फरक इतकाच की फेरारामध्ये ती रस्त्यांतून व्यक्त झाली, तर नगरमध्ये पाण्यातून आणि बागांतून.

हा पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगरांआड पाऊस अडल्यामुळे कोरडा राहणारा प्रदेश असल्याने शहराची खरी आखणी जमिनीखाली झाली. कापूरवाडीसारख्या भोवतालच्या गावांच्या शिवारांतून भाजलेल्या मातीचे नळ चुन्याच्या बांधकामात बसवून, केवळ नैसर्गिक उतारावर पाणी शहरात, किल्ल्यात आणि बागांत आणले गेले. त्यांनाच खापरी नळ म्हणतात. मैलोगणती अंतरावर पाण्याचा उतार राखण्यासाठी लागणारी मोजणीची अचूकता पाहता, निजामशाहीच्या स्थापत्याचा विचार घुमट व कमानींपासून नव्हे, तर या नळांपासून सुरू व्हावयास हवा.

या पाण्याचे सर्वांत उन्नत रूप म्हणजे शहराच्या आग्नेयेस असलेली फराहबाग. मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत तिचे पहिले बांधकाम राजाच्या पसंतीस न उतरल्याने पाडले गेले आणि त्याचा मंत्री सलाबतखान याच्या देखरेखीखाली १५८३ मध्ये नवा महाल पूर्ण झाला. विस्तीर्ण तलावाच्या मध्यभागी उभारलेल्या या वास्तूचे कोपरे छाटलेले असल्याने तिचा आराखडा अष्टकोनी होतो. मधोमध उंच घुमटाचे दालन असून चारही मुखांवर खोल, भव्य कमानी आहेत. मध्यवर्ती दालनाभोवती आठ भाग रचण्याच्या या इराणी पद्धतीला ‘हश्त बिहिश्त’, म्हणजे आठ स्वर्ग, म्हणतात आणि शहराच्या उत्तरेस याच नावाची आणखी एक बाग, तळ्यातील अष्टकोनी महालासह, होती. इटलीतील विचेन्झाजवळ वास्तुकार पॅलाडिओने १५६० च्या दशकात आरंभिलेल्या व्हिला रोतोंदामध्येही घुमटाखालचे मध्यदालन आणि चार समान दर्शनी बाजू अशीच रचना आहे. हे साम्य अनुकरणाचे नसावे. युक्लिडची भूमिती अरबी ग्रंथांतून इराणी स्थपतींपर्यंत पोहोचली होती आणि लॅटिन भाषांतरांतून युरोपातही गेली होती, त्यामुळे एकाच विद्येची ही दोन अपत्ये मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

राजधानी जगापासून तुटलेली मात्र नव्हती. निजामशाहीच्या चौल बंदरातून पोर्तुगीजांशी संबंध होते. गोव्यातील वैद्य गार्सिया द ओर्ता, ज्याचा भारतीय वनौषधींवरील ग्रंथ १५६३ मध्ये तेथे छापला गेला, तो बुऱ्हाण निजामशहाच्या परिचयाचा होता. आणि आज विजापुरात असलेली ‘मलिक-ए-मैदान’ तोफ मुहम्मद बिन हुसेन रूमी या कारागिराने १५४९ मध्ये नगरलाच ओतली. तोफांच्या याच युगात, १५५९ ते १५६२ या काळात, हुसेन निजामशहाने मूळच्या मातीच्या किल्ल्याला दगडी तट व खंदक दिला.

शहराच्या पूर्वेकडील डोंगरावर सलाबतखानाची तीन मजली अष्टकोनी कबर आहे, जिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात. पर्यटक तेथे आवर्जून जातात, पण फराहबागेकडे फारसे वळत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे, कारण दोन्ही वास्तू एकत्र पाहिल्यावाचून अष्टकोनाचा हा ध्यास उलगडत नाही. दोन्ही स्मारकांना किमान वारशाचे नाव तरी आहे. खापरी नळांच्या वाट्याला तेही आलेले नाही. त्यांच्या उरलेल्या वाटा नकाशावर नोंदवून शहराच्या विकास आराखड्यात राखणे, हे काम एकेका स्मारकाच्या डागडुजीहून अधिक निकडीचे आहे.