दापोडीच्या बागेतला डॉक्टर

लंडनजवळच्या क्यू इथल्या वनस्पतिसंग्रहात कोकणातले जुने ताव आहेत. जाड कागदावर चिकटवलेली वाळकी फांदी, तपकिरी पडलेली पानं आणि कडेला छापील चिठ्ठी. मुलूख : मलबार, कोकण वगैरे. गोळा करणारे : स्टॉक्स, लॉ वगैरे. ठिकाण तेवढं मोघम, माणसं त्याहून मोघम. हूकर आणि थॉमसन या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या जोडीने आलेले गठ्ठे एकत्र केले आणि सगळ्यांना एकच चिठ्ठी डकवली. कारकुनी सोय, दुसरं काय!

त्या ‘वगैरे’त अलेक्झांडर गिब्सन आहे. हा स्कॉटिश माणूस १८०० साली जन्मला आणि कंपनीचा डॉक्टर म्हणून मुंबई इलाख्यात आला. दख्खनच्या गावोगावी देवीची लस टोचत हिंडताना त्याला झाडांची ओळख झाली. १८३८ साली पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बाग त्याच्याकडे आली. जोडीला जुन्नरजवळ हिवऱ्याची बाग. तिथे तो सोनामुखी, इंद्रावण, खुरासानी ओवा लावी आणि लष्कराच्या औषधभांडाराला माल पुरवी. १८४७ साली तो इलाख्याच्या जंगलखात्याचा प्रमुख झाला. १८६१ साली निकोल डाल्झेल या अधिकाऱ्याबरोबर त्याने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर ग्रंथ काढला. तरी आज त्याचं नाव फारसं कुणाच्या तोंडी नाही. हूकरने हबेअमरी या ऑर्किडच्या एका जातीला त्याचं नाव दिलं, एवढं मात्र आहे.

अशा माणसाचा माग काढायचा तर छापील चिठ्ठीवर भिस्त ठेवून चालत नाही. तावावर कुणी हाताने काही खरडलं असेल, तर ते अक्षर सरकारी पत्रांतल्या अक्षराशी ताडून पाहायचं. फूल कोणत्या महिन्यात येतं ते बघायचं आणि त्या महिन्यात साहेबाचा दौरा कुठे होता, ते दप्तरात शोधायचं. सड्यावर ऐन पावसात फुलणारी वनस्पती तावावर असेल, तर ती उन्हाळ्यात महाबळेश्वरला गेलेल्या माणसाची असणं कठीण. असे धागे जुळवायला महिनोन्‌महिने लागतात आणि बऱ्याचदा हाती एक तारीख लागते.

गिब्सनच्या बाबतीत मोठं घबाड एडिंबराच्या वनस्पती उद्यानात मिळालं. १८४७ ते १८५० या काळात त्याने दापोडीच्या बागेतल्या झाडांची रंगीत चित्रं काढून घेतली होती. हेन्री नॉल्टी या अभ्यासकाने त्यांचा छडा लावून २००२ साली पुस्तक केलं. चित्रकार इंडो-पोर्तुगीज असावा, बहुधा गोव्याकडचा. त्याचं नाव मात्र कुठेच नाही. मला हीच गोष्ट खटकते.

नावं नोंदवण्याच्या बाबतीत थिओडोर कुक हा वनस्पतिशास्त्रज्ञ जरा वेगळा. १९०१ ते १९०८च्या दरम्यान निघालेल्या त्याच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात पुण्याच्या परिसरातल्या नोंदींपुढे ‘भिवा’, ‘कानिटकर’ अशी नावं येतात आणि त्यापुढे उद्गारचिन्ह. म्हणजे नमुना ग्रंथकर्त्याने स्वतः पाहिला आहे. भिवाचं आडनाव, गाव, पगार काही नाही. पण झाड कुणी आणलं ते आहे. भिडे या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नावावर तर गवताची एक प्रजातीच आहे, भिडिया.

दापोडीच्या चित्रकाराचं नाव सापडलंच, तर ते वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथात नव्हे, मुंबईच्या पुराभिलेखागारातल्या एखाद्या पगारपत्रकात सापडेल असं मला वाटतं. कुणा मराठी, पोर्तुगीज आणि मोडी वाचता येणाऱ्या विद्यार्थ्याने त्या पत्रकांचा रुमाल सोडायला हवा.