घण किती जड असावा?

जुना काँक्रीटचा ओटा घणाने फोडताना आपण अनेकदा पाहतो. घण जितका जड, तितका घाव मोठा, असे आपल्याला वाटते. हे खरे आहे का?

समजा, एक कामगार ४ किलोचा घण सेकंदाला ६ मीटर वेगाने मारतो. गतिज ऊर्जा (वस्तुमान × वेगाचा वर्ग ÷ २) झाली ७२ जूल. त्यालाच ६ किलोचा घण दिला आणि वेग ४.५ मीटरवर आला, तर ऊर्जा भरते सुमारे ६१ जूल. ओझे दीडपट झाले, घाव मात्र हलका! कारण सूत्रात वर्ग वेगाचा आहे, वस्तुमानाचा नाही. म्हणून दहा-बारा घाव नेम न चुकता, वेग न मंदावता घालता येतील, तोच घण आपला.

हे ७२ जूल २ मिलिमीटरमध्ये खर्च झाले, तर सरासरी बल ३६,००० न्यूटन होते. म्हणजे साडेतीन टनांहून अधिक भार. तरीही काँक्रीट दाब चांगला सोसते, ताण मात्र सोसत नाही. म्हणून जाणते कामगार पहारीने लादीची कड थोडी उचलून खाली दगड सारतात. मग घाव बसताच लादी वाकते, खालच्या बाजूस ताण येतो आणि ती तडकते.

आता धोका पाहू. १ मीटर त्रिज्येने फिरणारा हा घण दांड्यावरून निसटू पाहतो. त्याला धरून ठेवायला १४४ न्यूटन, म्हणजे सुमारे १५ किलो वजनाइतके बल लागते. उन्हाळ्यात लाकडी दांडा सुकून आकसतो व घण सैल होतो. तो पाण्यात भिजवणे हा उपाय नव्हे. फुगलेले तंतू भोकात चेपतात आणि वाळल्यावर दांडा अधिकच सैल होतो. पाचर नीट ठोकावी. तडा गेलेला दांडा बदलावा.

छिन्नीचे डोके फुलासारखे पसरले असेल, तर कडा घासून काढाव्यात. घणावर हातोडा मारू नये. कठीण पोलादाची कपची उडून डोळा जाऊ शकतो. सुरक्षा-चष्मा हवाच. दुसऱ्याने धरायची छिन्नी हाताने नव्हे, लांब चिमट्याने धरावी. घणाच्या पुढेमागे कोणी उभे राहू नये. शाळेच्या श्रमदानात मुलांच्या हाती घण देऊ नये.

वर्गात मात्र एक प्रयोग जरूर करावा. अर्धा किलोचे वजन ओल्या शाडूवर १० आणि मग ४० सेंटिमीटरवरून सोडा. दुसऱ्या वेळी वेग दुप्पट, पण ऊर्जा चौपट असते. खळ्यांची खोली मोजून विद्यार्थ्यांनाच निष्कर्ष काढू द्या.