फूटा घाटातील जुन्या मोटारींची रॅली : प्रेक्षकांनी काय पाहावे?

इटलीतील बोलोन्या व फ्लॉरेन्स या दोन शहरांच्या मध्ये अपेनाइन पर्वताची रांग आडवी पसरली आहे. ती ओलांडणारा जुना रस्ता रातिकोसा (९६८ मीटर) व फूटा (९०३ मीटर) या दोन खिंडींतून जातो. घोडागाड्यांच्या वाहतुकीसाठी हा मार्ग अठराव्या शतकाच्या मध्यास बांधण्यात आला. डिसेंबर १९६० मध्ये या भागातील नवा द्रुतगती महामार्ग खुला झाला, अवजड वाहतूक तिकडे वळली आणि घाटाची जुनी वळणे बहुतांशी तशीच राहिली. १९४४ साली याच डोंगरांतून जर्मनांची संरक्षणफळी गेली होती. फूटा येथील दफनभूमीत ३० हजारांहून अधिक जर्मन सैनिक चिरनिद्रा घेत आहेत. बेळगावकरांस हा मुलूख अगदीच परका नाही. याच पर्वतात उगम पावणाऱ्या सेनियो नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला.

‘मिल्ले मिल्या’ म्हणजे ‘हजार मैल’. ब्रेशिया येथून रोमपर्यंत जाऊन परत येण्याची, सुमारे १६०० किलोमीटरची ही शर्यत १९२७ साली सुरू झाली. पहिल्या वर्षीच्या विजेत्यांचा सरासरी वेग ताशी ७७ किलोमीटर होता. १९५५ साली स्टर्लिंग मॉस यांनी तेच अंतर १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत, ताशी सुमारे १५७ किलोमीटर वेगाने कापले. त्यांच्या मोटारीचा ७२२ हा क्रमांक म्हणजे सुटण्याची वेळ, सकाळी ७ वाजून २२ मिनिटे. शेजारी बसलेले डेनिस जेंकिन्सन यांनी वळणांची टिपणे कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर उतरवून घेतली होती. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नसल्याने ते हातांच्या खुणांनी वळणे सांगत.

वेग दुपटीने वाढला, तरी शर्यत सार्वजनिक रस्त्यांवरच होत होती व माणसे कडेलाच उभी राहत होती. १९३८ साली बोलोन्या येथे एक मोटार गर्दीत घुसून दहा प्रेक्षक दगावले. त्यांत सात मुले होती. १२ मे १९५७ रोजी ग्विदित्सोलो गावाजवळ आल्फोन्सो दे पोर्तागो यांच्या फेरारीचे टायर फुटले. ते स्वतः, त्यांचे सहकारी आणि नऊ प्रेक्षक ठार झाले. या नऊ जणांत पाच मुले होती. घाटातील अवघड वळणांवर नव्हे, तर सपाट, सरळ रस्त्यावर हा प्रकार घडला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यानंतर ही वेगाची शर्यत कायमची बंद झाली.

१९७७ साली पुनरुज्जीवित झालेली मिल्ले मिल्या ही म्हणूनच शर्यत नव्हे. १९२७ ते १९५७ या काळात भाग घेतलेल्या नमुन्यांच्याच मोटारींना तीत प्रवेश मिळतो. मार्ग दरवर्षी थोडाफार बदलतो. फूटा व रातिकोसा त्यात अनेकदा असतात. येथे परीक्षा होते ती नेमकेपणाची. रस्त्याच्या ठरावीक छोट्या टप्प्यांवर हवेने भरलेल्या रबरी नळ्या आडव्या टाकलेल्या असतात. चाक नळीवर पडताच वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदली जाते. नेमून दिलेल्या वेळेपेक्षा उशिरा पोहोचल्यास गुण जातात, तसेच लवकर पोहोचल्यासही जातात. अशा टप्प्याजवळ एखादी दिमाखदार मोटार अगदी गोगलगाईसारखी सरकताना दिसली, तर ती बिघडली असे समजू नये. आतला सहकारी घड्याळाकडे पाहून सेकंद मोजीत असतो.

घाटात उभे राहणाऱ्यास डोळ्यांइतकाच कानांचाही उपयोग होतो. फार जुन्या मोटारींत गिअर सहजासहजी पडत नाहीत. खालचा गिअर टाकताना चालक क्लच दोनदा दाबतो व मध्ये क्षणभर इंजिनाचा वेग वाढवितो. वळणाआधी ऐकू येणारा तो हुंकार याचाच. उतारावर जुने ड्रम ब्रेक सतत दाबल्यास तापतात व त्यांची पकड कमी होते. जाणता चालक म्हणून गिअरवरच गाडी आवरतो. ब्रेकच्या करपट वासावरून कोण जाणता व कोण नवखा, हे प्रेक्षकाला पुष्कळदा कळते.

उभे कोठे राहावे, याला मात्र महत्त्व आहे. वळणावर पकड सुटलेली मोटार आतल्या बाजूस वळत नाही, बाहेरच्या कडेकडे घसरत जाते. बाहेरच्या कडेवरून दृश्य उत्तम दिसते, पण तेथे उभे राहू नये. आतल्या बाजूस, रस्त्यापासून दूर व उंचवट्यावर जागा धरावी. लहान मुलांना पुढे उभे करू नये. रॅली चालू असताना नेहमीची वाहतूकही बहुधा त्याच रस्त्याने येत असते. छायाचित्रासाठी रस्त्यावर उतरणाऱ्याला समोरून येणाऱ्या जुन्या मोटारीपेक्षा पाठीमागून येणाऱ्या नव्या मोटारीचे भय अधिक असते.