गाडी परत येईल, याची हमी

पुण्या-नाशिकाहून निघून गोरखपूरमार्गे पशुपतिनाथाला स्वतःच्या गाडीने जाणारी कुटुंबं आता नवलाची राहिलेली नाहीत. काही जण तर थेट युरोपपर्यंत गाडी न्यायचे बेत आखतात. मुक्काम, घाट, इंधन यांचा हिशेब बहुतेक जण चोख करतात. घोळ होतो तो सीमेवरच्या कागदांचा. कुठला कागद कशासाठी, हे आधी नीट कळलं की ही तयारी अवघड राहत नाही.

सुरुवात एका गोष्टीपासून करू. तुम्ही सीमा ओलांडता तेव्हा पलीकडच्या कस्टमच्या दृष्टीने तुमची गाडी म्हणजे देशात आलेला परदेशी माल असतो. मोटारीवरचं आयात शुल्क बहुतेक देशांत जबर असतं. ते तुमच्याकडून घेत नाहीत, कारण गाडी थोड्या दिवसांसाठी आली आहे. पण तीच गाडी तिथे विकली गेली, तर त्या सरकारचं शुल्क बुडतं. म्हणून परवाना कुठल्याही देशाचा असो, त्यातला मुख्य प्रश्न एकच असतो: ही गाडी परत बाहेर जाईल याची हमी काय?

त्यामुळे कागदांचे तीन गठ्ठे मनातच वेगळे करा. माणसांचे कागद, म्हणजे पासपोर्ट आणि व्हिसा. चालकाचे कागद, म्हणजे लायसन्स. आणि गाडीचे कागद. एका गठ्ठ्यातलं काम झालं म्हणून दुसऱ्यातलं होत नाही. हातात व्हिसा आहे, तेव्हा गाडीलाही सोडतील, असं गृहीत धरू नका.

नेपाळ: भन्सारची पावती

सर्वांत सोपा आणि आपल्याकडे सर्वांत जास्त लागणारा परवाना नेपाळचा. भारतीय नागरिकाला तिथे व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्डाच्या भरवशावर निघू नका. आपलं लायसन्स तिथे चालतं आणि गाडीही आपल्यासारखी डाव्या बाजूनेच चालवतात. उरतो तो गाडीचा परवाना. नेपाळात कस्टमला भन्सार म्हणतात, म्हणून या सगळ्या कामाला चालक मंडळी ‘भन्सार काढणं’ असंच म्हणतात.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना सुनौली सोयीचं. आपल्या बाजूला सुनौली, समोर बेलहिया आणि पुढे भैरहवा शहर. बिहारमार्गे जाणारे रक्सौलहून वीरगंजला उतरतात. काम दोन्हीकडे सारखंच. कमान ओलांडल्यावर गाडी कडेला लावा आणि मूळ आरसी बुक व लायसन्स घेऊन भन्सार कार्यालयात जा. विमा आणि पीयूसीही जवळ ठेवा. कुठे जाणार आणि किती दिवस राहणार, हे सांगायचं आणि तेवढ्या दिवसांचे पैसे आगाऊ भरायचे. दर दिवसाप्रमाणे असतो आणि गाडीच्या प्रकारानुसार बदलतो. रक्कम नेपाळी रुपयांत सांगतात; आपले १०० रुपये म्हणजे त्यांचे १६० रुपये, हा दर १९९३पासून कायम आहे. सीमेजवळच्या भागाच्या पुढे काठमांडू, पोखरा किंवा मुक्तिनाथकडे जायचं असेल, तर यातायात कार्यालयाचा रस्ता-परवानाही तिथेच काढून घ्या. दोन्ही पावत्या हाताशी ठेवा; वाटेत वाहतूक पोलीस त्याच मागतात.

पावती हातात आली की खिडकीपासून हलू नका. ती नेपाळीत, म्हणजे देवनागरीत असते, तेव्हा तुम्हाला ती वाचता येते. गाडीचा नंबर आरसीशी एकेक अक्षर ताडून पाहा. मग तारीख पाहा. ती विक्रम संवतातली असते: इसवी सन २०२५च्या एप्रिलच्या मध्यात तिथे २०८२ साल लागलं. महिन्यांची नावं ओळखीची वाटतात, पण त्यांचे महिने सौर आहेत. नेपाळी श्रावण जुलैच्या मध्याला सुरू होतो, आपला श्रावण कधीही लागो. म्हणून मुदत संपण्याची इंग्रजी तारीख तिथल्या तिथे विचारा आणि पावतीच्या मागे लिहून ठेवा.

दोन गोष्टी इथे विशेष जपायच्या. पहिली: भारतीय खासगी गाडीला नेपाळच्या एका आर्थिक वर्षात एकूण ३० दिवसच राहता येतं आणि ते वर्ष १ श्रावणाला सुरू होतं. आधीच्या फेरीचे दिवसही यात धरले जातात. दुसरी: दिवस मोजताना हात आखडू नका. नारायणगढ ते मुगलिंग हा रस्ता पावसाळ्यात दरडींनी बंद पडतो आणि तासन्‌तास, कधी त्याहूनही जास्त, अडकवतो. मुदत संपलेल्या पावतीवर गाडी सापडली, तर दंड होतो आणि गाडी जप्तही होऊ शकते. त्यामुळे एक-दोन दिवसांचे पैसे जादा भरलेले बरे. परतीच्या वेळी कुणी अडवलं नाही, तरी स्वतःहून भन्सारमध्ये जा आणि गाडी बाहेर पडल्याची नोंद करून घ्या.

गाडी मालकाच्या नावावर आणि चालवणारा दुसरा असेल, तर मालकाचं अधिकारपत्र हवं. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचं ना-हरकत पत्र न्या. विम्याकडेही निघण्यापूर्वीच लक्ष द्या. आपली मोटार पॉलिसी मुळात भारतापुरती असते. थोडा जादा हप्ता भरून तिला भौगोलिक क्षेत्रवाढीची पुरवणी जोडता येते. त्या पुरवणीत नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव हे देश येतात. एजंटला ‘आयएमटी १’ म्हटलं की तो ओळखतो.

भूतानची रीत वेगळी आहे. फुंटशोलिंगला आधी माणसांचा प्रवेश-परवाना निघतो आणि मग गाडीचा. शिवाय भारतीय पर्यटकाला दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावं लागतं. गाडीचं शुल्क त्याव्यतिरिक्त असतं, म्हणून खर्चाचा अंदाज आधीच घ्या.

लांबचा पल्ला: कार्ने

इराण, इजिप्त, केनिया, ऑस्ट्रेलिया अशा देशांत साधी पावती पुरत नाही. तिथे ‘कार्ने द पासाज’ लागतं. हे गाडीचं एक पुस्तक असतं. १९५४मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या आंतरराष्ट्रीय करारावर ते आधारलेलं आहे. हे पुस्तक सरकार देत नाही, मोटार-संघटना देतात. भारतात मुंबईच्या चर्चगेटची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ते देत आली आहे.

याची युक्ती अशी. प्रत्येक सदस्य देशात एक संघटना तिथल्या कस्टमला हमी देते. तुमची गाडी त्या देशातून बाहेर पडली नाही, तर कस्टम शुल्क तिथल्या संघटनेकडून मागतं, ती संघटना ते मुंबईच्या संघटनेकडून मागते आणि मुंबईची तुमच्याकडून. म्हणून पुस्तक देण्याआधी संघटना तुमच्याकडून बँक हमी किंवा अनामत घेते. ती किती, हे गाडीच्या किमतीवर आणि तुम्ही निवडलेल्या देशांवर ठरतं. ज्या देशात शुल्क सर्वांत जास्त, त्याच्या हिशेबाने रक्कम वाढते. म्हणून देशांची यादी विचार करून करा. ‘जमलं तर जाऊ’ म्हणून एखादा महागडा देश यादीत घालू नका.

अर्जात चॅसिस नंबर, इंजिन नंबर, वजन आणि किंमत तर विचारतातच. शिवाय रंग, सीटचं कव्हर, रेडिओ आणि जादा टायर किती, हेही लिहावं लागतं. आलेली गाडीच परत चालली आहे, हे अधिकाऱ्याला यावरून पडताळता येतं. म्हणून अर्जानंतर स्टीरिओ बदलू नका किंवा गाडी रंगवू नका.

आता पुस्तकाचं एक पान पाहा. ते आडवं तीन भागांत विभागलेलं असतं. खालचा भाग प्रवेशाचा: देशात शिरताना अधिकारी तो भरतो, शिक्का मारतो आणि फाडून घेतो. मधला भाग बाहेर पडण्याचा: तो निघताना फाडला जातो. सर्वांत वरचा भाग पुस्तकातच राहतो आणि त्यावर दोन्ही वेळचे शिक्के बसतात. हा वरचा भाग तुमचा पुरावा. सीमेवरची गर्दी, उकाडा, मागून वाजणारे हॉर्न, काहीही असो. वरच्या भागावर दोन्ही शिक्के आणि सह्या आल्याशिवाय तिथून पुढे सरकू नका. एका देशात एकदा जाऊन येण्यासाठी एक पान लागतं. तोच देश दोनदा लागणार असेल, तर दोन पानं धरा. पुस्तकाची मुदत एक वर्षाची असते.

सगळीकडे कार्ने लागतं असंही नाही. युरोपीय संघात बाहेरचा रहिवासी आपली गाडी सहा महिने शुल्काशिवाय वापरू शकतो. चीनमध्ये मात्र सगळं वेगळं: तिथे अधिकृत संस्थेमार्फतच जावं लागतं आणि गाडीला तात्पुरती नंबर प्लेट व चालकाला तात्पुरतं लायसन्स घ्यावं लागतं. पुष्कळ देशांत आंतरराष्ट्रीय चालक परवाना लागतो. तो आरटीओकडून ‘४-अ’ नमुन्याच्या अर्जावर मिळतो, शुल्क १,००० रुपये आणि मुदत एक वर्ष. गाडीच्या मागे देशाची खूण म्हणून ‘आयएनडी’ अक्षरांचा पांढरा लंबगोल लावा; नंबर प्लेटवरच्या बारीक अक्षरांवर भिस्त ठेवू नका.

भारतातून निघतानाही आपल्या कस्टमकडे गाडीची नोंद करा, म्हणजे परत आणताना ती इथलीच आहे हे सिद्ध करायला अडचण येत नाही. घरी आल्यावर पुस्तक कपाटात ठेवून देऊ नका, लगेच संघटनेला परत करा. शिक्के पूर्ण असले की हमी मोकळी व्हायचा मार्ग खुला होतो. एखादा शिक्का राहिला असेल, तर करारानुसार त्या देशाला पुस्तकाची मुदत संपल्यापासून वर्षभर विचारणा करता येते आणि तुमचे पैसे अडकून पडू शकतात. तेव्हा गाडी परत आल्याचं प्रमाणपत्र अधिकाऱ्याकडून भरून घ्या आणि संघटनेला द्या. प्रत्येक शिक्क्याचा फोटो त्याच दिवशी काढून घरी पाठवलेला असेल, तर हे काम पुष्कळ हलकं होतं. हमी सुटल्याचं पत्र बँकेत पोचलं, याची खात्री करा आणि मगच फाइल बंद करा.