आधी वेश, मग पाऊल

बॅलेच्या वेडापायी माणसं मॉस्को, पॅरिस, लंडन गाठतात. आमचं तिगाव पडलं नागपूर-इटारसी लोहमार्गावर, पांढुर्ण्याच्या पुढे, गाडी घाट चढायला लागते त्या जागी. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजाराला नागपूर आणि कागदपत्रांना भोपाळ, असा आमचा संसार. २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. त्यात पांढुर्णा आणि सौंसर हे दोनच तालुके. संत्री, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार ही दगडफेक आणि जामसावळीचा मारुती यांच्यामुळे लोक आम्हाला ओळखतात. बॅलेमुळे कुणी ओळखत नाही, आणि त्यात ओळखणाऱ्यांचा काही दोष नाही.

पण याच मार्गाने मुलताई, आमला, बैतूल, इटारसी करत भोपाळ गाठलं, की भारतीय बॅलेचं एक जुनं घर सापडतं. त्याचं नाव रंगश्री लिटिल बॅले ट्रुप. मी बॅले बघायला शिकलो तो या मंडळींच्या ‘रामायणा’वर. त्याआधी माझं बॅलेचं ज्ञान सोव्हिएत मासिकांपुरतं होतं. त्या गुळगुळीत पानांवर पांढऱ्या झग्यातल्या बाया एका पायाच्या अंगठ्यावर उभ्या असत, आणि आम्ही त्या पानांची वह्यांना कव्हरं घालत असू.

‘रामायण’ पाहिल्यापासून माझा एक हट्ट आहे. नाच बघताना मी आधी कपडे बघतो. जाणकार हसतात, त्यांच्या मते कपडे म्हणजे वरची सजावट, खरा नाच शरीरात. मला हे पटत नाही. नाचणाऱ्याने काय घातलंय त्यावर त्याचं शरीर काय करू शकतं हे ठरतं, आणि प्रेक्षकाची नजर कुठे जाणार हेही ठरतं. आमच्याकडच्या खडी गंमत या लोकनाट्यातला नाच्या बघा. धोतर-सदऱ्यात रस्त्याने जाताना तो चारचौघांसारखा चालतो. लुगडं नेसून, पदर खोचून आला की त्याची कंबर, मान, पाऊल टाकायची लांबी सगळं बदलतं. त्याला ते कुणी मुद्दाम शिकवायला जात नाही, लुगडंच शिकवतं.

‘रामायण’ रचलं शांती बर्धन यांनी. जन्म १९१६ चा, पूर्व बंगालातल्या कोमिल्ल्याचा. नर्तक उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात ते शिकवत होते. ते केंद्र १९४४ च्या सुमारास बंद पडलं आणि तिथली माणसं पांगली. बर्धन मुंबईत अंधेरीला आले, इप्टाच्या, म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनच्या, मध्यवर्ती पथकात. बंगालच्या दुष्काळानंतरचा तो काळ. या पथकाने ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि ‘इंडिया इम्मॉर्टल’ हे बॅले केले; दुसऱ्याला संगीत होतं तरुण रविशंकर यांचं. नेहरूंच्या पुस्तकावर १९४७ साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ झाला, त्यातही बर्धन होते. पुढे १९५२ मध्ये त्यांनी मुंबईतच लिटिल बॅले ट्रुप काढलं. तोवर क्षयाने त्यांना पोखरलं होतं. १९५४ मध्ये, चाळिशी गाठायच्या आत, ते गेले.

पैसा नाही, तब्येत नाही, आणि विषय काय निवडला तर रामायण, ज्यात राजवाडे, वनं, समुद्र, वानरसेना आणि दहा तोंडांचा रावण. दुसरा कुणी असता तर जरी-मखमलीच्या हिशेबातच बुडाला असता. बर्धन यांनी वेगळीच युक्ती केली. गोष्ट सुरू होते जत्रेत. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ लागतो आणि त्या बाहुल्या रामायण करतात. म्हणजे नर्तकांनी माणसं व्हायचंच नाही, माणसांचा खेळ करणाऱ्या लाकडी बाहुल्या व्हायचं. वेश आणि सजावट अप्पुन्नी कार्था यांची: ताठ, कोनाकोनांचे कपडे आणि मुखवटे.

या दोन गोष्टींनी नाचाचा कायापालट झाला. मुखवट्याने चेहरा काढून घेतला. आपल्या शास्त्रीय नृत्यात अर्धा अभिनय भुवया, डोळे आणि ओठ करतात, तो सगळा बाद. ताठ कपड्यांनी शरीराची लवचीक वळणं काढून घेतली. मग उरलं काय? सांधे उरले. कुणी वरून दोरी ओढावी तसं कोपर वर उचललं जातं आणि मनगट खाली लोंबत राहतं. मान हळू वळत नाही, झटक्यात वळते. दोरी सैल पडली की सबंध देह एकदम ढेपाळतो. सीतेचं दुःख त्या खांद्याच्या एका उतरण्यात दिसतं, कारण दिसायला दुसरी जागाच शिल्लक नाही. मी रामकथा किती प्रकारे पाहिली असेल, दूरदर्शनवरचीही, पण रावणाची भीती वाटली ती या लाकडी रावणाची. माणसाला दया येऊ शकते. लाकडाला कुठून येणार?

हे करायला शरीराची तयारी किती लागते, ते प्रेक्षकाच्या चटकन लक्षात येत नाही. सैल दिसायला स्नायू घट्ट धरावा लागतो. लोंबणारा हात खरोखर सोडून दिला तर तो थकलेल्या माणसाचा हात दिसतो, बाहुलीचा नाही.

आजारपणातच बर्धन यांनी ‘पंचतंत्रा’ची आखणी केली होती. ती त्यांच्या मागे सहकाऱ्यांनी पुरी केली. कावळा, हरीण, उंदीर, कासव यांच्या मैत्रीची ही गोष्ट. इथे मी दाद देतो ती कासवाची भूमिका करणाऱ्यांना. नर्तकाला उंच उडी मारून टाळ्या घेता येतात; पाठीवर ओझं घेऊन, गुडघे वाकवून, सावकाश चालत टाळ्या घेणं अवघड.

बर्धन यांच्यामागे ट्रुप टिकलं ते त्यांच्या पत्नी गुल बर्धन यांच्यामुळे. मूळच्या गुल झवेरी, इप्टाच्या पथकातल्याच. पुढे त्यांनी आणि प्रभात गांगुली यांनी संस्था चालवली. १९६४ मध्ये मंडळी मुंबई सोडून ग्वाल्हेरला आली आणि नंतर भोपाळला स्थिरावली. गुलजींना २०१० मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या गेल्या. अर्धशतकाहून जास्त काळ एकच ‘रामायण’ नव्या नव्या मुलामुलींच्या अंगात उतरवत राहणं हे मला नवी निर्मिती करण्यापेक्षा मोठं काम वाटतं. बॅलेची पोथी नसते. एका पिढीने दुसरीला हाताला धरून शिकवलं तरच तो राहतो.

आता मराठी मुलुखाकडे वळतो, कारण बॅले म्हणजे बंगाल्यांचा आणि रशियनांचा मामला, असं आपल्याकडे उगाच धरून चालतात. खंडाळ्याच्या थंड हवेत मेनका यांचं नृत्यालय होतं. मेनका म्हणजे लीला सोखे, जन्म १८९९, बारिसालचा. पती साहेबसिंग सोखे परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक. मेनकाबाईंनी कथक घेतलं आणि त्याचा बॅले केला: ‘कृष्णलीला’, ‘देवविजय नृत्य’, पुढे कालिदासाचं ‘मालविकाग्निमित्र’. १९३६ मध्ये ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत त्यांच्या पथकाने बक्षीस मिळवलं. कथक हा मुळात एकट्याचा नाच, तबल्याशी आणि प्रेक्षकाशी थेट बोलणारा. त्यात दहा जणांना एका गोष्टीत बांधायचं म्हणजे प्रत्येकाची गिरकी, प्रत्येकाच्या घागऱ्याचा फेर, दोघांमधलं अंतर, सगळं मोजून घ्यावं लागतं.

याच पथकात आठ-दहा वर्षांची एक मुंबईची मुलगी युरोपभर फिरली, दमयंती जोशी. पुढे त्या कथकच्या मोठ्या कलावंत झाल्या. १९७० मध्ये पद्मश्री मिळाली. कथकच्या मंचावर साडी आणण्याचं श्रेय त्यांना देतात. माझ्या हट्टाला याहून चांगला पुरावा नाही. घागऱ्याचा घेर चकरेत छत्रीसारखा फुलतो आणि प्रेक्षक त्या फुलण्यालाच टाळी देतो. साडी तशी फुलत नाही. मग नजर खाली घसरते, पायावर येते, आणि चक्कर नेमकी समेवर थांबली की अर्धं पाऊल पुढे गेली हे लपत नाही. साडी नेसून गिरकी घेणारी बाई स्वतःची परीक्षा आपणच कडक करून घेते.

मालवणचे पार्वतीकुमार हे तिसरं नाव. इंडियन नॅशनल थिएटरसाठी त्यांनी ‘देख तेरी बंबई’ हा बॅले बसवला, ज्याचा नायक म्हणजे ते शहरच. तंजावूरच्या सरफोजीराजांनी मराठीत रचलेलं भरतनाट्यमचं साहित्य सरस्वती महाल ग्रंथालयातून बाहेर काढून पुन्हा मंचावर आणलं तेही त्यांनीच. मराठी पदावर भरतनाट्यम होतं, हे ऐकून आमच्याकडचे लोक आजही भुवया उंचावतात. सुलभा देशपांडे यांच्या ‘चंद्रशाला’चं मुलांचं नृत्यनाट्य ‘दुर्गा झाली गौरी’ हेही याच परंपरेतलं. मंचावर पोरांचा मोठा जमाव हलवणं सैन्य हलवण्याइतकं कठीण असतं. सैन्याला निदान शिक्षेचं भय असतं.

युरोपच्या बॅलेत तर कपड्यांनी माणसं मारलीसुद्धा आहेत. १८३२ मध्ये मारी ताल्योनीने पॅरिसला ‘ला सिल्फीद’ केला तो घंटेच्या आकाराच्या पांढऱ्या तलम झग्यात. त्या झग्यातली बाई जमिनीवरून तरंगते असं वाटे. पण मंचावर दिवे गॅसचे. कापड पेटू नये म्हणून औषधात बुडवायची सोय होती, मात्र त्याने झगा ताठ आणि पिवळट व्हायचा. एमा लिव्ह्री या तरुण नर्तिकेने तसला झगा घालायला नकार दिला. १८६२ च्या नोव्हेंबरात तालमीला तिचा झगा पेटला, आणि काही महिन्यांनी, १८६३ मध्ये, ती वारली. सुंदर दिसण्याच्या हट्टापायी मेली, असं म्हणणारे तेव्हाही होते. मी तसं म्हणणार नाही. तिला कळत होतं की ताठ झग्यात तो नाच होणारच नाही.

मग झगा आखूड होत गेला. १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला आलेल्या व्हर्जिनिया झुकी या इटालियन नर्तिकेने लांब झगा घालायला साफ नकार दिला. गुडघा दिसायला लागला, मांडी दिसायला लागली, आणि आतापर्यंत कापडाखाली झाकली जाणारी ढिलाई उघडी पडली. दहा वर्षांनी, १८९५ च्या ‘स्वान लेक’मध्ये, पिएरिना लेन्यानी एका पायावर सलग ३२ गिरक्या घेत होती. लांब झग्यात त्या गिरक्या कुणी घेतल्या नसत्या, आणि घेतल्या असत्या तरी कुणाला मोजता आल्या नसत्या.

बॅलेच्या नर्तकी ज्यांच्या टोकावर उभ्या राहतात त्या बुटांबद्दल लोक मला हमखास विचारतात, आत लोखंड असतं का म्हणून. नसतं. कागद, जाडभरडं कापड आणि खळ यांचे थर देऊन पुढचा भाग कडक करतात, वरून साटीन. घामाने खळ मऊ पडते; मोठ्या भूमिकेत एक जोड एका प्रयोगातही संपतो. नर्तकी नवा बूट भिंतीवर आपटून, दारात चेपून, आपल्या पायाला हवा तसा करून घेतात. त्याचा रंग मात्र वर्षानुवर्षं एकच, गोऱ्या कातडीला मिळणारा गुलाबी. पायाची रेघ बोटापर्यंत अखंड दिसावी हा त्यामागचा हेतू, म्हणजे सावळ्या पायाची रेघ घोट्यालाच तुटणार. सावळ्या मुली बुटांना मेकअपचा लेप लावत. लंडनच्या ‘फ्रीड’ने ‘बॅले ब्लॅक’ या संस्थेच्या साथीने तपकिरी बूट बाजारात आणले ते २०१८ मध्ये.

आणि हेच युरोपातले लोक हिंदुस्थानावर बॅले करत होते! १८७७ चा ‘ला बायादेर’ घ्या. नायिका देवळातली नर्तकी, राजा गोवळकोंड्याचा, आणि कपडे गोवळकोंड्यातल्या कुठल्याही शिंप्याने न शिवलेले. त्याआधी १८३८ मध्ये दक्षिणेतल्या खऱ्या देवदासी पॅरिसला नाचून आल्या होत्या. पॅरिसने त्यांचं कौतुक केलं आणि मंचावर मात्र आपलीच कल्पना चढवली. तरीही ‘बायादेर’मधल्या छायांच्या प्रवेशाला मी शरण आहे. उतरणीवरून पांढऱ्या वेशातल्या बाया एकामागून एक येतात, प्रत्येक जणी तीच एक हालचाल करते, पुन्हा पुन्हा. डोक्यापासून हातांना जोडलेली एक झिरझिरीत ओढणी, बस्स. एखादीचा पाय थरथरला तर आख्खी ओळ बिघडते.

आना पाव्हलोव्हाने निदान येऊन पाहिलं. १९२२-२३ च्या दौऱ्यात ती भारतात होती, आणि १९२३ मध्ये तिने लंडनला अजिंठ्याच्या चित्रांवर बेतलेला बॅले केला. त्याच वर्षी तरुण उदय शंकर तिच्याबरोबर ‘राधाकृष्ण’ नाचले. तिथून अल्मोडा, अल्मोड्याहून अंधेरी, अंधेरीहून ग्वाल्हेर आणि मग भोपाळ. आमच्या मार्गावरच्या त्या घराची वंशावळ ही अशी.

आज मुंबईतली साध्या घरांतली मुलंही शुद्ध युरोपीय बॅले शिकतात. ‘ये बॅले’ हा २०२० चा चित्रपट अशाच दोघांवर बेतलेला आहे. मला काळजी वाटते ती नृत्यनाट्य नावाने महोत्सवांत जे होतं त्याची. चमचमत्या नायलॉनचे कपडे, वर लुकलुकणारे दिवे, धूर. असा एक प्रयोग मी पाहिला, त्यात रावणाच्या मुकुटातल्या बॅटरीने मध्येच दम तोडला आणि प्रेक्षकांनी सगळ्यात जोरात टाळ्या त्यालाच दिल्या.

ज्यांना बघायला जायचंय त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. गर्दीचा बॅले, म्हणजे ‘बायादेर’च्या छाया किंवा हंसांचा थवा, बाल्कनीतून बघावा, ओळी वरूनच दिसतात. बाहुल्यांचं ‘रामायण’ तिसऱ्या-चौथ्या रांगेतून, मनगटं दिसतील इतक्या जवळून. पहिली रांग पाहुण्यांना सोडावी. तिथून फक्त घाम आणि बूट दिसतात, आणि मधल्या भाषणांतून उठून जाता येत नाही.