गोवळकोंडा पाहताना : आठव्या कबरीचा हिशेब

हैदराबादेतल्या मराठी घराला गोवळकोंड्याची वारी चुकत नाही. महाराष्ट्रातून पाहुणे आले की पहिल्या रविवारी किल्ला ठरलेलाच. आम्ही उभयतांनी ही सेवा वर्षानुवर्षे केली. प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली टाळी वाजवायची, ती वर बाला हिसारला ऐकू जाते हे सांगायचे, साडेतीनशेच्या वर पायऱ्या चढायच्या, फोटो काढायचे आणि जेवायला घरी. किल्ल्यापासून जेमतेम किलोमीटरभर असलेले कुतुबशाही मकबरे बहुतेक वेळा राहूनच जात.

एकदा पुण्याच्या आत्या आल्या होत्या. त्यांनी मकबरेही पाहायचेच असा हट्ट धरला. सगळे फिरून झाल्यावर त्या म्हणाल्या, "अरे, सुलतान आठ झाले म्हणतोस, मग आठव्याची कबर कुठे आहे?" जन्मभर बँकेत हिशेब जुळवणारे आम्ही, पण इथे एका नोंदीचा फरक निघाला आणि उत्तर देता आले नाही. त्यानंतर आम्ही वाचून काढले, ते इथे मांडत आहोत.

कुतुबशाही १५१८ ते १६८७ अशी चालली. सुलतान कुलीपासून मोजले आणि थोडे दिवस गादीवर असलेला लहानगा सुभान धरला, तर सुलतान आठ होतात. त्यांपैकी सात जण या एकाच आवारात आहेत. सुलतान कुलीने आपला मकबरा हयातीतच बांधून घेतला होता. १५९१ साली हैदराबाद वसवणाऱ्या आणि दख्खनीत कविता करणाऱ्या मुहम्मद कुलीचा मकबरा सर्वांत भव्य आहे. राजघराण्यातील मृतांना अंत्यस्नान घालण्याचा हमामही तिथेच आहे. अलीकडे आगा खान ट्रस्टने अनेक वर्षे काम करून हे आवार दुरुस्त केले असून जुन्या बावड्यांत पुन्हा पाणी दिसते.

आठवा म्हणजे अबुल हसन तानाशाह. हा आपल्याला परका नाही. १६७७ साली दक्षिण मोहिमेवर निघालेले शिवाजी महाराज याच्याच भेटीला भागानगरला, म्हणजे हैदराबादला, आले होते. त्याचा वजीर मादण्णा याने ही मैत्री घडवण्यात मोठा वाटा उचलला. दोघांत तह होऊन महाराजांना पैसा आणि तोफखान्याची मदत मिळाली. पुढे दहा वर्षांनी औरंगजेबाने गोवळकोंड्याला वेढा घातला. किल्ला आठ महिने लढला आणि तोफांनी पडला नाही. शेवटी आतल्याच फितूर सरदाराने रात्री दरवाजा उघडला. तानाशाह कैद झाला आणि दौलताबादच्या किल्ल्यात, चिनी महालात त्याला ठेवण्यात आले. तो परत आलाच नाही. त्याची कबर खुलताबादला आहे.

गंमत म्हणा की नियती, औरंगजेबाची कबरही खुलताबादलाच आहे. जिंकणारा आणि हरणारा, दोघेही आपापल्या राजधानीपासून दूर, एकाच गावात विसावले आहेत.

म्हणून आमची एक सूचना आहे. सकाळी ऊन चढायच्या आत आधी किल्ला करावा. पाणी आणि चांगली पकड असलेले बूट विसरू नयेत. ज्येष्ठांनी खालचा भाग सावकाश पाहिला तरी पुरे. वर बारादरीत पोहोचलात की उत्तरेकडे पाहा. मकबऱ्यांचे घुमट दिसतील. तिथेच मुलांना आठव्या सुलतानाची गोष्ट सांगा आणि मग मकबऱ्यांत नेऊन त्यांना कबरी मोजायला लावा. नुसत्या तारखा मुले विसरतात, पण न सापडलेली कबर त्यांच्या लक्षात राहते.

पुढे कधी वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेलात, तर दौलताबाद आणि खुलताबाद त्याच रस्त्यावर लागतात. आम्ही गेलो तेव्हा तिथे दोन मिनिटे थांबलो आणि आत्यांना फोन करून सांगितले, "आत्या, हिशेब जुळला."